नदीचे बारसे

“ओटी भरायला आलोय,” असे म्हणून यसबा तात्यांनी आपल्या वहाणा आमच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या. त्यांच्या पाठीमागे त्यांची माहेरी राहणारी लेक अनसूबाई उभी होती. तिच्या हातात परात होती आणि परातीत हिरवे लुगडे, खण, नारळ व शिगोशीग तांदूळ होते. बाहेर लिंबाखाली बैलगाडी सोडलेली होती. बैलांच्या शिंगांना लाल गोंडे होते.

माझ्या आईने हातातले सूप खाली ठेवले. कोणाची ओटी, असे विचारण्याचे धैर्य तिला झाले नाही. विचारले ते मी.

“कोणाची ओटी, तात्या?”

“घरात लेक हाय न्हवं तुमची? तिचीच.”

यसबा तात्या हे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. ज्या मनुष्याने मागच्या कार्तिकात तिला स्वतःच्या दारातून परत धाडले, तोच मनुष्य वैशाखातल्या त्या सकाळी आमच्या दारात हात जोडून उभा होता. हा प्रकार वाचकांस कळावा म्हणून मागील वृत्तांत थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

अक्काचे सासर सावरधार. ते गाव पठाराच्या पायथ्याशी असून गाव आणि शिवार यांच्या मधून एक ओढा वाहतो. उन्हाळ्यात त्यात शेळीचे पोट भिजत नाही. परंतु पठारावर पाऊस कोसळला की तोच ओढा घटकेत झाडे उपटून आणतो. भाद्रपदात अक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन तो ओलांडत असता वरून लोंढा आला आणि तिला घेऊन गेला. लोकांनी शोध केला. करवंदीच्या जाळीत अडकलेला लुगड्याचा फाटका पदर तेवढा सापडला. दशक्रियेला आम्हीही गेलो होतो. पिंडाला कावळा लवकर शिवला म्हणून सावरधारचे लोक समाधान पावले होते.

परंतु अक्का मेली नव्हती. खालच्या अंगाला धनगरांनी तिला पाण्याबाहेर ओढले. पाय मोडला होता व अंगात ज्वर होता, आणि घाटवाट पावसाने बंद होती. वाट मोकळी होईपर्यंत ती धनगरवाड्यात पडून राहिली आणि दसऱ्यानंतर एके दिवशी काठी टेकीत आमच्या दारात आली. आईने किंकाळी फोडली आणि मग तिच्या गळ्यात पडली.

मी तिला तत्काळ सावरधारला घेऊन गेलो. तोवर दाजींनी दुसरे लग्न केले होते. यसबा तात्यांनी दार अडवून सांगितले, “मेलेलं माणूस उंबऱ्याच्या आत येत न्हाई, पाव्हणं.” दाजी गोठ्यात होते; त्यांनी मान वर केली नाही. अक्काची मुलगी इंदू, पाचवे लागलेली पोर, परसात खेळत होती. तिचा आवाज आम्हांस ऐकू येत होता. तिला भेटू मात्र दिले नाही.

तेव्हापासून अक्काच्या जिवाला एकच ध्यास होता. पोर मिळावी. नवरा, घर, मान, यांतले काही तिने पुन्हा बोलून दाखविले नाही. रस्त्यावर गाडीचे घुंगूर वाजले की ती जाते सोडून दारात यायची. आजही ती तशीच आली. परात, लुगडे यांपैकी काही तिच्या दृष्टीस पडले नाही.

“इंदू आलीया का?” तिने विचारले.

“न्हाई वैनी,” अनसूबाई म्हणाली. “तिकडं वाट बघतीया.”

“मामंजी, पोरगी देताय न्हवं माझी?”

यसबा तात्या खाली बघून बोलले. “माणसांच्या हातनं चूक झाली, बाई. मानानं न्यायला आलोय.”

“घरला?” आईने विचारले.

“पाण्यापातूर. फुडचं पाण्यावर बोलू. समदं गाव जमलंय तिथं.”

“आन पोरगी?”

“पोरगी आईचीच आसती.”

आईला एवढे पुरेसे होते. तिने पाट मांडला. अनसूबाईने अक्काच्या कपाळी कुंकू लावले, ओटी भरली, आणि हिरवे लुगडे तिच्या मांडीवर ठेवले. तात्या तिला सारखे ‘बाई’ म्हणत होते. सासरी ठेवलेले गोजरा हे नाव त्यांनी एकदाही घेतले नाही. मी त्याचा अर्थ आदर असा केला. लुगडे नेसून अक्का बाहेर आली तेव्हा तिने केसांना तेलही लावले होते. “पोरगी भ्यायला नको मला बघून,” ती म्हणाली.

मीही गाडीत बसलो. मी त्या काळी तालुक्याच्या गावी एका वाचनालयात शिपाई होतो. कपाटे झाडावी, पुस्तके द्यावी-घ्यावी आणि वेळ मिळेल तेव्हा वाचावी, असा माझा क्रम असे. त्यामुळे चार शहाणे शब्द मजपाशी आहेत असे मला वाटे, आणि ते त्या दिवशी उपयोगी पडतील अशीही माझी कल्पना होती.

वाटेत एक नदी लागली. गाडी उतारातून पाण्यात गेली तेव्हा यसबा तात्यांनी डोक्याचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले व पाण्याला हात जोडले.

“हिचे नाव काय, तात्या?”

“सखू.”

“पुराणात काही आधार असेल. बहुतेक नद्यांना ऋषींनी नावे दिली, असे मी वाचले आहे.”

गाडी हाकणारा दौलू खो खो हसला. “तात्या, पाव्हणं पुस्तकातलं बोलत्यात.”

“बोलू दे की. शिकल्यालं माणूस हाय,” तात्या म्हणाले. “पर पाव्हणं, आमच्या डोंगरात ऋषी कशाला मराय येतोय? सखू म्हंजी तांबटाची सून. माझ्या आज्याच्या वक्ताला हिनं न्हेली तिला. मग गावानं बारसं केलं, सखू नाव ठिवलं. तवापास्नं सालाला एखादं ढोर घेती. माणूस न्हाई.”

“म्हणजे बुडालेल्या बाईचे नाव नदीला?”

“मग कुणाचं द्यायचं? मामलेदाराचं?”

दौलू पुन्हा हसला. पुढे आणखी एक ओहोळ लागला. त्याचे नाव काशी. ती यसबा तात्यांच्या चुलत आजीची थोरली बहीण.

“बिननावाचं पाणी आंधळं आसतंय,” तात्या सांगत होते. “हाताला येईल त्येला धरतंय. नाव दिलं की त्येला घर मिळतं. सवाष्णीचं नाव पायजे पर. पोराटोराचं चालत न्हाई.”

“आणि तुमच्या ओढ्याचे नाव?”

त्यांनी चंची सोडली, तंबाखू मळली, चुना झटकला. मग म्हणाले, “त्येचंच बारसं हाय आज.”

मला आनंद झाला. पुरातून वाचलेली एकटी माझी बहीण. तिला सवाष्णीचा मान देऊन पाण्याची पूजा करावयाची, आणि त्या निमित्ताने झालेल्या अन्यायाचे परिमार्जन करावयाचे, असा या लोकांचा हेतू असावा, असे मी मनाशी ठरविले. अक्काचे मात्र या बोलण्याकडे लक्ष नव्हते. ती अनसूबाईला खेटून बसली होती.

“डोस्क्यात उवा हायत्या का गं तिच्या?”

“म्या काढल्या.”

“विंचरतं कोण?”

“म्याच.”

“रडती?”

अनसूबाई चाकाकडे बघत राहिली. “आधी रडायची. आता न्हाई. आता शाणी झालीया.”

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चांगले चढले होते. ओढ्याच्या काठी सगळे सावरधार लोटले होते. तीन दगडांच्या चुलींवर पुरण शिजत होते. पाण्यावर झुकलेल्या जांभळीच्या फांदीला एक पाळणा टांगलेला होता, त्याला झेंडूची माळ होती, आणि आत एका दगडी वरवंट्याला बाळासारखे गुंडाळून निजविले होते. गुंडाळलेले कापड मी ओळखले. तो करवंदीच्या जाळीत सापडलेला अक्काचा पदर होता.

अक्का गाडीतून उतरताच बोलणी थांबली. बायका दोन्ही अंगांना सरकल्या. तिचा स्पर्श होऊ नये म्हणून एकीने तर आपला घोळ आवरून घेतला. दाजी जांभळीच्या बुंध्याशी उभे होते. त्यांची नवी बायको चुलीपाशी होती व ती पोटुशी दिसत होती. इंदू कोठेच दिसेना.

तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून आली आणि तिने अक्काच्या पायांवर डोके ठेवले. ती भागूबाई. तिचे दोन मुलगे या ओढ्याने नेले होते, एक आठ वर्षांमागे आणि दुसरा त्यानंतर चार वर्षांनी, हे सर्वांस ठाऊक होते.

“उठा मावशी,” अक्का म्हणाली. “माझ्या पाया का पडताय?”

“दे बाई त्येला. माझी दोन दिली म्या. तुझं नुसतं नाव दे.”

“काय दिऊ?”

यसबा तात्या पुढे आले. त्यांचा आवाज सौम्य होता. तो शेवटपर्यंत सौम्यच राहिला.

“बाई, तुमाला पाण्यानं न्हेलं तवाच गावानं ठरीवलं व्हतं. वैशाखात बारसं करायचं, गोजरा नाव ठिवायचं. आन तुम्ही माघारी आलासा. आता एक नाव दोघींत कसं चालंल? तुम्ही त्या नावाला ओ देताय तवर पाणी त्ये नाव घेत न्हाई. पाऊस तोंडावर आलाय. ह्यात किती पोरं उभी हायती बगा.”

मी मध्ये पडलो. “तात्या, हा भ्रम आहे. नावाने पाणी ओसरत नाही. गावाने साकव बांधावा, पुराच्या वेळी कोणी ओलांडू नये असा निर्बंध करावा.”

“साकव दोनदा बांधला, पाव्हणं. दोनदा न्हेला. दुसऱ्या खेपंला वर हिचा धाकला व्हता.” त्यांनी भागूबाईकडे बोट केले. “पुस्तकात दुसरं काय आसलं तर सांगा.”



अक्काने विचारले, “नाव दिल्यावर म्या कोण?”

“माहेरचं नाव हाय की तुमचं. शेवंता. त्ये कुणी मागितलं न्हाई.”

“आन ह्ये घर?”

“घर गोजराचं. गोजरा ही,” तात्यांनी पाण्याकडे हात केला.

अक्काने पाण्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात वस्तूचा भाव ऐकून माणूस जसा मनात हिशेब करतो, तशी ती दिसत होती.

“नाव सोडते,” ती म्हणाली. “इंदू द्या.”

“नाव सोडा, पोरगी न्या.”

येथे मी आपल्या परीने सावधगिरी दाखविली. मी म्हणालो, “असे नको. देवाचा भंडारा उचलून गावासमोर बोला.” पूजेच्या ताटात भंडारा होताच. यसबा तात्यांनी कां कूं न करता मूठ भरून उचलला आणि म्हणाले, “पोरगी आईकडं जायला निघाली तर म्या आडवा येणार न्हाई, आन गावातलं कुणी आडवं येणार न्हाई. आलं तर देव बघून घील.” सर्वांनी मान डोलावली. माझे समाधान झाले.

मग त्यांनी रीत समजावून सांगितली. नाव सोडणारीने पाणी ओलांडून पलीकडच्या काठाला उभे राहावयाचे. अलीकडून पाण्याला नावाने तीन हाका घालावयाच्या. तिने ओ द्यावयाची नाही. तीन हाकांना ओ आली नाही, की नाव पाण्याचे झाले.

“आन तोंडातनं ओ गेली तर?” अक्काने विचारले.

“तर नाव तुमचं. आन पाणी हाक मारणारीला न्हेतं. ह्या सालात न्हाई तर फुडल्या.”

“हाक मारणार कोण?”

“पोरगी.”

अक्का एकदम मागे सरली. “तिला नगा. बारशाचं नाव आत्यानं ठिवायचं आसतंय. वन्सं मारू द्यात हाक.”

“अनसू मारंल, आन ऐन वक्ताला तुमचं मन फिरंल,” तात्या म्हणाले. “पोरीच्या हाकंला तुम्ही ओ देणार न्हाई. तेवढं आमी वळखतो तुमाला.”

चुलीवरच्या पुरणाचा रटरट आवाज येत होता. मी अक्काचा दंड धरला आणि म्हणालो, “चल, आपण परत जाऊ. पोर कोर्टातून मिळवू.”

“कोर्ट कवा देणार, केरू? ती तवर न्हाती-धुती व्हईल.” मग ती तात्यांस म्हणाली, “आणा तिला.”

अनसूबाई आली आणि तिने अक्काच्या गळ्यातली काळी पोत सोडली. गाठ लवकर सुटेना. “मला बोल लावू नगंस वैनी,” ती पुटपुटली. पोत वरवंट्याच्या भोवती गुंडाळली गेली. दाजी हे सर्व पाहत होते. अक्का त्यांच्याकडे बघून एवढेच म्हणाली, “बारकीला दिस गेल्यात. तिला उन्हात ठिवू नगा.” दाजींनी मान फिरविली.

मी तिला हात देऊन पाण्यात घेऊन गेलो. पाणी पोटऱ्यांपर्यंत होते व इतके निवळ होते, की तळचे गोटे मोजून घ्यावेत. मोडलेला पाय गोट्यांवर टिकत नव्हता. मधोमध आल्यावर ती थांबली.

“भीती वाटते का, अक्का?”

“हितंच न्हेलं मला.”

पलीकडच्या काठावर आम्ही दोघे उभे राहिलो. दोन काठांत अंतर फार नव्हते. बोललेले ऐकू येत असे. तेव्हा अनसूबाईने गर्दीच्या पाठीमागून इंदूला आणले. नवा परकर, डोळ्यांत काजळ, वेणीला अबोलीचा गजरा. ती उंच झाली होती. अक्काच्या तोंडून एक सुस्कारा निघाला आणि तिचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. मग तिने ते मागे घेऊन पदरात लपविले.

अनसूबाईने पोरीला पाण्याच्या कडेला उभे केले, खाली वाकून तिच्या कानाशी तोंड नेले आणि बोलू लागली. पाण्यावरून शब्द स्पष्ट आले.

“ती बाई बग पल्याड. तू म्हणायचीस न्हवं, आईची हाक येती म्हणून? मग आता तू हाक मार. तुझी आई आसंल तर ओ दील. आन ओ न्हाई आली तर तुझी आई पाण्यात. समजलं?”

पोरीने मान हलविली.

मी अक्काकडे पाहिले. तिलाही ऐकू आले होते.

“अक्का,” मी म्हणालो, “हा कपटाचा खेळ आहे. ओ दे. पहिल्याच हाकेला दे.”

“आन तिला न्हेलं म्हंजी?”

“नेत नाही कोणी. हे पाणी आहे नुसते.”

“म्या बघितलंय त्येला आतनं, केरू,” ती म्हणाली. “तू काठावर व्हतास.”

“गोजरा,” पोरीने हाक मारली.

बायका हसल्या. एवढ्याशा तोंडातून आईचे नाव आले म्हणून त्यांना कौतुक वाटले असावे. अक्काने पदराचा बोळा करून तोंडात धरला.

पोर वाट पाहत होती. तिने मान तिरकी केली, कपाळावर हात धरून उन्हातून आमच्याकडे निरखून पाहिले, आणि या वेळी जास्त मोठ्याने हाक मारली.

“गोजरा.”

अक्काच्या घशातून काही आवाज निघू पाहत होता. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबले. माझ्याने पाहवेना. मीच ओ देण्यासाठी तोंड उघडले, तोच तिने माझे मनगट असे पकडले की तिची नखे मांसात रुतली.

तिसऱ्या खेपेस पोर अनसूबाईने पढविलेले विसरली. ती पाण्यात एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली,

“आई.”

पाणी वाहत होते. जांभळीवर कावळ्याची पिले ओरडत होती. अक्का डोळे मिटून उभी होती आणि तिच्या तोंडातून कापड लोंबत होते.

“दिलं,” यसबा तात्या म्हणाले. “दिलं बगा नाव.”

मग एकच गलका झाला. बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका गुद्दे घालतात, तसे त्यांनी इंदूच्या पाठीत हलके गुद्दे घातले, आणि ती पोरगी गुदगुल्या झाल्याप्रमाणे हसू लागली. पाळणा हलविण्यात आला, पाळण्याचे गाणे झाले. दाजींनी दोर सोडला. वरवंटा पदरासकट, पोतीसकट पाण्यात गेला आणि चार बुडबुडे वर आले. भागूबाई खाली बसून मोठ्याने रडू लागली. तिचे ते रडणे सुखाचे होते.

दोन माणसे पाणी ओलांडून आमच्याकडे आली. त्यांच्या हातात एक नवा गुलाबी फेटा होता. मला कळण्यापूर्वीच त्यांनी तो माझ्या डोक्याला बांधला. “नदीचं भाऊ तुम्ही,” त्यांपैकी एक म्हणाला. “दर वैशाखात मान तुमचा. येत जावा.”

मी फेटा काढावयास हात वर नेला.

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाली. “तिच्या मामाला चांगला दिसतोय. चल, तिला घिऊ.”

आज त्या पाण्यावर पूल आहे आणि पुलाच्या टोकाला ‘गोजरा नदी’ अशी पाटी आहे. एसटीतून जाणारे लोक ती वाचतात. बारशानंतरच्याच श्रावणात त्या नदीने एक गुराखी नेला. परंतु तोवर नाव सर्वांच्या तोंडी बसले होते व ते बदलण्याची गोष्ट कोणी काढली नाही.

आम्ही पुन्हा अलीकडे आलो. या वेळी अक्का माझ्या हाताविना, लंगडत, पाणी उडवीत चालली होती. लोकांनी वाट दिली. यसबा तात्या स्वतः बाजूला झाले आणि मोठ्याने म्हणाले, “आडवं कुणी व्हऊ नगा. शबूद दिलाय.”

इंदू अनसूबाईच्या लुगड्याआड उभी होती.

अक्का तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. हिरवे लुगडे कमरेपर्यंत भिजले होते. “इंदू,” ती म्हणाली, “चल. घिऊन जायला आलेय तुला.”

पोरीने तिच्याकडे पाहिले. मग अनसूबाईकडे पाहिले. त्या दृष्टीत मला ओळख दिसली असे मी आजही म्हणेन. परंतु ओळखीच्या वर आणखी काही होते आणि ते अधिक बळकट होते.

“ही माझी आई न्हाई,” ती म्हणाली. “म्या तीनदा हाक मारली.”

“आगं म्याच ती. मला बोलू देत नव्हतं…”

“आई आसती तर ओ दिली आसती.” तिने पाण्याकडे बोट दाखविले. “माझी आई तितं हाय.”

अनसूबाईने पदराने तोंड झाकून घेतले. परंतु पोरीचा धरलेला हात तिने सोडला नाही.

“पोरगी येत न्हाई, बाई,” यसबा तात्या तशाच सौम्य स्वरात म्हणाले. “आता म्या काय करू सांगा? आडवं तर कुणी न्हाई.”

मी पुढे होऊन पोरीला उचलणार होतो. माझे हात तिच्या काखेत गेलेही. तशी ती ओरडली आणि लाथा झाडू लागली. अक्काने माझा हात बाजूला केला.

“वढू नगंस. घाबरंल.”

ती उठली. कोणी तिच्यापुढे पुरणपोळीचे ताट धरले, नदीच्या माहेरची माणसे उपाशी जाऊ नयेत म्हणून. तिने ते घेतले नाही. ती गाडीच्या दिशेने चालू लागली. दहा-बारा पावले गेल्यावर ती वळली. इंदू दुसऱ्या मुलींबरोबर पंक्तीला बसत होती व आपला परकर नीट आवरीत होती.

“इंदू,” अक्काने हाक मारली.

“ओ,” पोर म्हणाली. हाक मारली की ओ द्यावी, हे वळण तिला अक्कानेच लावले होते.



“काय न्हाई,” अक्का म्हणाली. “जेव.”